डॉक्टरकीची तयारी आठवीपासून: न्यू ऑर्लीन्सच्या झेवियर विद्यापीठाचं प्रकरण

अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण 13 टक्के आहेत, आणि डॉक्टरांमध्ये साधारण 5 टक्के. ही तफावत कमी व्हावी म्हणून तिथे गेली पन्नासेक वर्षं तऱ्हेतऱ्हेचे उपक्रम चालू आहेत. हायस्कुलांत करिअर मेळावे भरतात, मुलांना हॉस्पिटल दाखवायला नेतात, दिवसभर पांढरा कोट घालायला देतात, सुट्टीत शिबिरं होतात. हेतू सगळ्यांचाच चांगला असतो. पण अनुदान संपलं की यातलं बरंचसं बंद पडतं, आणि त्या मुलांपैकी पुढे कोण कुठे पोचलं याचा पत्ता सहसा कोणाकडेच नसतो.

लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्स शहरातलं झेवियर विद्यापीठ हा याला मोठा अपवाद आहे. (मुंबईच्या सेंट झेवियर्सशी याचा संबंध नाही.) विद्यार्थी जेमतेम तीन हजारांच्या आसपास. प्रवेशासाठी डोळे दिपवणारे गुण लागत नाहीत. तिजोरीही मोठ्या नामांकित विद्यापीठांच्या पासंगाला पुरणार नाही अशी. तरीही 1990च्या दशकापासून, पुढे जाऊन डॉक्टरची पदवी मिळवणारे सर्वाधिक कृष्णवर्णीय पदवीधर कोणत्या विद्यापीठाचे, असं विचारलं की नाव येतं ते झेवियरचं. झेवियरच्या दसपट विद्यार्थी असलेली सरकारी विद्यापीठं आणि जगप्रसिद्ध खाजगी विद्यापीठं या एका बाबतीत त्याच्या मागे आहेत.

हे कसं जमलं याचा शोध घेत गेलं की वाट कॉलेजच्या आधी, हायस्कूलच्याही अलीकडे, थेट आठवीच्या गणितापर्यंत येऊन पोचते.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का

डॉक्टर कोणत्या वर्णाचा आहे याने रुग्णाला काय फरक पडतो, ही शंका रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरात झालेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय पुरुषांना मोफत तपासणीसाठी बोलावलं होतं, आणि कोणाला कोणता डॉक्टर मिळेल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. समोर कृष्णवर्णीय डॉक्टर आला तेव्हा या पुरुषांनी मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या करून घ्यायला जास्त प्रमाणात होकार दिला. सुई टोचून घ्यायची, रक्त काढू द्यायचं, म्हणजे जिथे भरवसा लागतो, तिथे हा फरक विशेष दिसला. संशोधकांचा अंदाज असा, की एवढ्यानेही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंमधली गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पुरुषांतली दरी 19 टक्क्यांनी कमी होऊ शकेल.

भरवसा नसण्याला कारणही आहे. अलाबामातल्या टस्कीगी इथे सरकारी आरोग्यखात्यानेच 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन हाताशी आल्यानंतरही दिलं नाही. त्या पुरुषांच्या नातवंडांना दवाखान्याची पायरी चढताना काय वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको.

दार बंद कसं झालं

विसाव्या शतकाचं पहिलं दशक संपताना अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालयं होती. त्यातलं एक, फ्लिंट मेडिकल कॉलेज, न्यू ऑर्लीन्समध्येच होतं. 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा गाजलेला अहवाल आला. अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या शिक्षणाचा दर्जा त्याने सुधारला, हे खरं. पण त्या अहवालाने कृष्णवर्णीयांची दोनच महाविद्यालयं टिकवण्यालायक ठरवली: वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. बाकीची पाच काही वर्षांतच बंद झाली. फ्लिंट 1911 मध्येच गेलं. ही पाच चालू राहिली असती तर तेव्हापासून आजवर किती डॉक्टर तिथून बाहेर पडले असते, याचा हिशेब 2020 मध्ये काही संशोधकांनी मांडला. आकडा 35 हजारांवर गेला.

शहरातल्या उरलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांची दारं 1960च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीयांना बंदच होती. न्यू ऑर्लीन्सच्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर साडेआठशे किलोमीटरवरचं नॅशव्हिल गाठायचं, नाहीतर त्याहून दूरचं वॉशिंग्टन. झेवियरचेच एक विद्यार्थी क्लॉड ऑर्गन यांना त्यांच्या स्वतःच्या राज्यात, टेक्सासमध्ये, वर्णामुळे शिकता आलं नाही. ते नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठात गेले, नामवंत सर्जन झाले आणि पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्षही झाले. अशी माणसं होती, पण तुरळक.

एका पिढीत डॉक्टर कमी झाले की पुढच्या पिढीतल्या मुलांना घरात, गल्लीत, चर्चमध्ये डॉक्टर दिसत नाही. आपण ते होऊ शकतो हे मग मनातच येत नाही. 2009 ते 2013 या काळात अमेरिकेच्या सर्जन जनरल, म्हणजे देशाच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख प्रवक्त्या, असलेल्या डॉ. रेजिना बेंजामिन या झेवियरच्या 1979च्या पदवीधर. कॉलेजात जाईपर्यंत आपण एकही कृष्णवर्णीय डॉक्टर पाहिला नव्हता, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. त्या वाढल्या अलाबामात, समुद्रकाठच्या एका लहान गावात. पुढे त्यांनी त्याच किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावात दवाखाना काढला. 1998च्या वादळात तो गेला, 2005च्या कतरिनात पुन्हा गेला, नंतर आगीत जळला. दर वेळी त्यांनी तो पुन्हा उभा केला.

झेवियरची मुळं फिलाडेल्फियात आहेत. तिथल्या बँकर घराण्यातल्या कॅथरीन ड्रेक्सेल यांनी संन्यास घेऊन आपला वारसा कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी मुलांच्या शिक्षणासाठी खर्च केला. 1915 मध्ये न्यू ऑर्लीन्सला शाळा, 1925 मध्ये पदवीचं कॉलेज आणि 1927 मध्ये फार्मसी कॉलेज असं झेवियर वाढत गेलं. ड्रेक्सेल तरुण होत्या त्याच काळात त्याच शहरात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकत होत्या. 1886 मध्ये त्यांना जिथून पदवी मिळाली, त्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1867 मध्येच रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. कल्याणची मराठी ब्राह्मण मुलगी आणि गुलामगिरी नुकतीच संपलेल्या देशातल्या कृष्णवर्णीय मुली, दोघींनाही आत घेणारी संस्था फिलाडेल्फियात एकच होती. आनंदीबाईंचं चरित्र आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण त्यांच्या कॉलेजचा हा भाग फारसा सांगितला जात नाही.

1974: अडचण नेमकी कुठे आहे?

1968 मध्ये नॉर्मन फ्रान्सिस झेवियरचे अध्यक्ष झाले. संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष, आणि पुढे तब्बल 47 वर्षं त्या पदावर राहिले. त्यांच्या सुरुवातीच्या काळात झेवियरमधून डॉक्टरकीला जाणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. 1970च्या दशकाच्या मध्याला रसायनशास्त्राचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. कारमायकेल यांच्याकडे वैद्यकीय प्रवेशाच्या मार्गदर्शनाचं काम आलं.

इथे अमेरिकेची पद्धत थोडी सांगायला हवी. तिथे बारावीनंतर थेट एमबीबीएसला जात नाहीत. आधी चार वर्षांची पदवी, त्यात रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्राचे ठरलेले विषय, मग प्रवेश परीक्षा, मुलाखती, चार वर्षांचं वैद्यकीय शिक्षण आणि त्यावर तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेलं प्रशिक्षण. पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र ही या वाटेवरची पहिली चाळण. बऱ्याच विद्यापीठांत ती मुद्दाम बारीक ठेवतात. डॉक्टर व्हायचं म्हणून आलेली निम्मी मुलं वर्षभरात दुसऱ्या विषयाला गेली तरी कोणाला त्यात वावगं वाटत नाही. गाळण हेच तिथे गुणवत्तेचं लक्षण मानलं जातं.

झेवियरमध्ये येणाऱ्या मुलांना हौस भरपूर होती. ‘काय व्हायचंय?’ म्हटलं की हात वर होत. अडायचं ते रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत, आणि तिथेही रसायनापेक्षा जास्त गुणोत्तरात, एककं बदलण्यात, लांबलचक प्रश्न नीट वाचण्यात. ज्या शाळांतून ही मुलं आली तिथे प्रयोगशाळा नावापुरती, विज्ञानाचे शिक्षक टिकत नसलेले, गणित कसंबसं उरकलेलं. अमेरिकेत शाळांचा पैसा बऱ्याच अंशी त्या-त्या भागातल्या घरपट्टीतून येतो. वस्ती गरीब असली की शाळाही गरीब.

कारमायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून काढलेला निष्कर्ष साधा होता. मुलं हुशार आहेत, तयारी अपुरी आहे, आणि तयारी करून घेणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. निष्कर्ष साधा असला तरी त्याप्रमाणे वागायचं तर सगळी पद्धत बदलावी लागते. त्यांनी ती बदलली. या सबंध प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. जबाबदारी मुलाच्या खांद्यावरून उचलून त्यांनी ती संस्थेच्या खांद्यावर घेतली.

उन्हाळ्याची शिडी

1977 मध्ये ‘सोअर’ हा उन्हाळी वर्ग सुरू झाला. कॉलेजात पाऊल ठेवण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी काही आठवड्यांचा. त्यात डॉक्टरांची भाषणं हा मुख्य भाग नव्हता. मुख्य भाग होता विचार करण्याच्या सवयीचा. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मोठ्या माणसासारखा विचार कशाला म्हणायचं याचे काही घटक सांगितले आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहणं, प्रमाण ओळखणं, सगळ्या शक्य जोड्या मांडणं, संभाव्यता, दोन गोष्टींतला संबंध हेरणं. यांवर प्रयोग बेतलेले होते. सोबत इंग्रजी शब्दसंग्रहाचा रोजचा सराव आणि गटागटांतल्या प्रश्नमंजूषा. शब्दसंग्रहाचं काय एवढं, असं वाटेल. पण वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पानभर उतारा वाचून त्यातलं मर्म काढायचं असतं, आणि तिथे शब्द अडला की पुढचं सगळंच अडतं.

पुढे या वर्गाखाली आणखी पायऱ्या जोडल्या गेल्या, थेट आठवीपर्यंत. मॅथस्टार, बायोस्टार, केमस्टार. नावं चमकदार असली तरी मागची कल्पना अगदी व्यवहारी आहे. येत्या वर्षी शाळेत बीजगणित येणार असेल तर आधीच्या उन्हाळ्यात बीजगणित. जीवशास्त्र येणार असेल तर आधी जीवशास्त्र, रसायन येणार असेल तर आधी रसायन. म्हणजे शाळा सुरू होते तेव्हा ‘मोल’ (रसायनातलं मोजमापाचं एकक) म्हणजे काय, हे त्या वर्गात फक्त याच मुलांना माहीत असतं. शिक्षकाने प्रश्न टाकला की यांचा हात वर जातो. आजवर वर्गात मागच्या बाकावर बसलेलं पोर एकदम ‘रसायनातलं हुशार’ ठरतं. पुढची बढाई त्याला कोणी शिकवावी लागत नाही, ते स्वतःच सांगू लागतं की मी डॉक्टर होणार.

नापास झाल्यावर मदत देणं आणि विषय सुरू होण्याआधी मदत देणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात मूल ‘कच्चं’ म्हणून उन्हाळी वर्गाला येतं, खाली मान घालून. दुसऱ्यात ते निवडलेलं म्हणून येतं, विद्यापीठाच्या आवारात, डब्यासह. खर्च साधारण तेवढाच.

या वर्गांत वापरलेली एक पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. आर्थर व्हिम्बी हे मानसशास्त्रज्ञ सोअरच्या कामात सहभागी होते, आणि दोघांनी मिळून मोठ्याने विचार करत गणित सोडवायची त्यांची पद्धत तिथे आली. दोन मुलं समोरासमोर बसतात. एकाने प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि डोक्यात जे येईल ते बोलत सोडवायचा. दुसऱ्याने ऐकायचं. उत्तर सांगायचं नाही, चूक दिसली तरी सुधारायची नाही, फक्त ‘हे का केलंस?’ विचारत राहायचं. मग पाळी बदलायची.

उदाहरणादाखल असा प्रश्न घेऊ. अमॉक्सिसिलिनच्या पातळ औषधात दर 5 मिलीलिटरला 250 मिलिग्रॅम औषध आहे. मुलाचं वजन 44 पाउंड. डोस दिवसाला किलोमागे 25 मिलिग्रॅम, दोन वेळा विभागून. एका वेळी किती मिलीलिटर द्यायचं?

सोडवणारी मुलगी झरझर बोलत जाते. ‘चव्वेचाळीस गुणिले पंचवीस, अकराशे. अर्धे केले, साडेपाचशे. अडीचशेला पाच, म्हणून साडेपाचशेला अकरा. अकरा मिलीलिटर.’

ऐकणारा मुलगा म्हणतो, ‘चव्वेचाळीस कशाचे?’

‘वजन.’

‘वजन कशात दिलंय?’

ती थांबते, प्रश्न पुन्हा वाचते. पाउंड. किलोत वीस. वीस गुणिले पंचवीस पाचशे, अर्धे अडीचशे, म्हणजे पाच मिलीलिटर. अकरा नव्हे, पाच. दुपटीहून जास्त औषध त्या पोराच्या पोटात गेलं असतं.

या दोन मिनिटांत बरंच काही घडतं. मुलीला कळलं की तिचं गणित बरोबर होतं आणि वाचन चुकलं. मुलाला कळलं की प्रश्न विचारूनही मदत करता येते. आणि दोघांनाही नर्स, फार्मासिस्ट, डॉक्टर रोज काय करतात याची झलक मिळाली, तीही कोणी भाषण न देता. करिअरची ओळख म्हणतात ती मला अशी हवी वाटते. पांढऱ्या कोटात फोटो काढून आलेलं मूल आठवड्यात ते विसरतं. ‘मी आज औषधाचा डोस काढला’ हे ते घरी जाऊन आईला सांगतं.

कॉलेजात आल्यानंतर

शिडी चढून आलेलं मूल पुन्हा चाळणीवर नेऊन सोडलं तर उपयोग काय? म्हणून झेवियरने पहिल्या वर्षाचं शिकवणंही बदललं. प्राध्यापकांनी रसायन आणि जीवशास्त्राची स्वतःची सरावपुस्तकं लिहिली, म्हणजे कोणत्याही तुकडीत गेलं तरी शिकवणं आणि परीक्षा तीच. आठवड्याला चाचणी. चाचणीत घसरलेलं मूल त्याच आठवड्यात लक्षात येतं, सत्र संपल्यावर नव्हे. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवायला बसतात. एकट्याने अभ्यास करून पुढे पळणाऱ्यापेक्षा गटाला सोबत घेणाऱ्याचं कौतुक होतं.

अर्जाच्या काळात मार्गदर्शन कार्यालय तर घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखं मागे लागतं. प्रवेश परीक्षा कधी द्यायची, स्वतःबद्दलचा निबंध कधी लिहून आणायचा, तो किती वेळा दुरुस्त करायचा, शिफारसपत्रं कोणाची, मुलाखतीची तयारी कधी, सगळ्याच्या तारखा कार्यालयाकडे. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशाचे अर्ज जसे येतील तसे पाहिले जातात, त्यामुळे लवकर अर्ज करणाऱ्याचा फायदा होतो. ही गोष्ट ज्याच्या घरात कोणी सांगायला नाही, त्याला ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

हा मुद्दा अमेरिकेतल्या मराठी घरांना चटकन कळेल. तिथल्या आपल्या मंडळींत डॉक्टर, फार्मासिस्ट, संशोधक यांची वानवा नाही. दहावीतल्या मुलीने ‘मला मेडिकलला जायचंय’ म्हटलं की आई त्याच संध्याकाळी कोणा काकांना नाहीतर मावशीला फोन लावते. उन्हाळ्यात त्यांच्या क्लिनिकमध्ये चार आठवडे उभं राहायची सोय होते. कोणता विषय कधी घ्यायचा, कोणती शिष्यवृत्ती, कोणता प्राध्यापक चांगलं पत्र लिहितो, हे सगळं गणपतीच्या जेवणात, दिवाळीच्या फराळात बोलता बोलता कळतं. ही मदत आपल्याला इतकी सहज मिळते की ती मदत आहे हेच जाणवत नाही. आपल्या मुलांनी कष्ट केले म्हणून ती पोचली, असं आपण म्हणतो. कष्ट केलेच, पण वाट सांगायला माणसं होती. न्यू ऑर्लीन्सच्या नवव्या वॉर्डातल्या, म्हणजे गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या, मुलीच्या फोनमध्ये तो काका नाही. तिच्यासाठी तो काका झेवियरच्या कार्यालयात बसवावा लागला, पगार देऊन, दर वर्षी, न चुकता.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी डॉक्टरांनी या बाबतीत करण्यासारखं एक काम आहे, आणि ते माझ्या मते फार अवघड नाही. आपल्या क्लिनिकमध्ये उन्हाळ्यात ओळखीच्या एका मुलाला उभं राहू देतो, तेव्हा सोबत जवळच्या सरकारी शाळेतल्या एका कृष्णवर्णीय मुलालाही बोलवावं. त्या मुलाच्या शाळेच्या समुपदेशकाला एक पत्र लिहिलं की सुरुवात होते. रुग्णाची संमती आणि गोपनीयतेचे नियम दोघांनाही सारखेच.

जिथे हे अपुरं पडतं

उन्हाळी वर्गाला यायचं तर उन्हाळा मोकळा हवा. सोळा वर्षांचं मूल दुकानात काम करून घरात पैसे आणत असेल, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला तेच असेल, तर वर्ग फुकट असूनही त्याला परवडत नाही. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत असे वर्ग सर्वांत कमी पोचतात. यावर उपाय म्हणजे वर्गाला येणाऱ्या मुलाला उन्हाळी कामाइतका भत्ता देणं. काही शहरांतले उपक्रम तसं करतातही. पण अनुदान आटलं की पहिली कात्री याच भत्त्याला लागते.

दुसरी गोष्ट मुलग्यांची. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने 2015 मध्ये एक अहवाल काढला. 1978 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज केलेले कृष्णवर्णीय पुरुष होते 1,410. 2014 मध्ये 1,337. प्रवेश मिळालेले 1978 मध्ये 542, आणि 2014 मध्ये 515. छत्तीस वर्षांत देशातल्या जागा वाढल्या, लोकसंख्या वाढली, आणि हा आकडा घटला. कृष्णवर्णीय मुली मात्र संख्येने पुढे गेल्या. झेवियरच्या वर्गांतही मुलीच जास्त असतात. मुलगे हायस्कुलात, किंवा त्याच्याही आधी, गळतात. शाळेतून वारंवार निलंबित होणारे, खेळातच भवितव्य शोधायला लावलेले, पुरुष शिक्षक क्वचितच पाहिलेले. त्यांच्यासाठी आठवीसुद्धा कदाचित उशिराची आहे.

तिसरी गोष्ट, आरोग्यक्षेत्र म्हणजे फक्त डॉक्टर नव्हे. झेवियरचं फार्मसी कॉलेज देशाला मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय फार्मासिस्ट देत आलं आहे, पण हायस्कूलच्या मुलांसमोर बोलताना भर नकळत डॉक्टरकीवरच जातो. डॉक्टर व्हायला बारावीनंतर किमान अकरा वर्षं लागतात आणि कर्ज काढून शिकणाऱ्याच्या डोक्यावर शेवटी साधारण दोन लाख डॉलर बसतात. श्वसनोपचार तंत्रज्ञ, सोनोग्राफी करणारे, नर्स, भौतिकोपचार सहायक, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, ॲम्ब्युलन्सवरचे पॅरामेडिक यांतलं काही दोन वर्षांत होतं, काही चार वर्षांत, आणि पगार घर चालवण्याजोगा असतो. दोन वर्षांत कमावतं झालेलं मूल नंतर पुढे शिकूही शकतं. हे सतरा वर्षांच्या मुलासमोर आकड्यांसकट मांडायला हवं. किती वर्षं, किती खर्च, किती पगार. स्वप्न लहान कर असं त्याला सांगायचं नाही, पण डॉक्टरकी हुकली म्हणजे सगळंच हुकलं असं त्याला वाटता कामा नये.

आजची स्थिती

2005च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळात झेवियरचं आवार पाण्याखाली गेलं. विद्यार्थी देशभर पांगले. जानेवारी 2006 मध्ये वर्ग पुन्हा सुरू झाले, आणि शिडी तुटली नाही.

जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वर्णाचा विचार करण्यावर बंदी घातली. त्यानंतरच्या पहिल्याच वर्षी, 2024 मध्ये, वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा 11 टक्क्यांहून जास्त घसरली. प्रवेशाच्या दारात मदत करायची सोय आता उरलेली नाही. जे करायचं ते दाराच्या कितीतरी आधी, शाळेतच करावं लागणार आहे, आणि त्याचा अनुभव ज्या थोड्या संस्थांकडे आहे त्यात झेवियर पुढे आहे. त्याच 2024 मध्ये झेवियरने लुइझियानातल्या ऑक्सनर या मोठ्या रुग्णालय समूहाबरोबर स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचा करार केला.

असा उपक्रम दुसरीकडे उभा करू पाहणाऱ्यांनी झेवियरकडून उचलायची गोष्ट कोणती, असं मला विचारलं तर मी पियाजेचे प्रयोग किंवा प्रश्नमंजूषा आधी सांगणार नाही. नोंदवही सांगेन. कोणत्या इयत्तेत मूल आलं, पुढच्या वर्षी शाळेत त्याने कोणतं गणित घेतलं, त्यात पास झालं का, रसायन घेतलं का, बारावीनंतर कुठे गेलं. एवढ्या चार-पाच रकान्यांवरून कोणती पायरी ढिली आहे ते कळतं आणि पुढच्या उन्हाळ्यात ती दुरुस्त करता येते. आठवीत आलेल्या मुलाचा शेवटचा निकाल हाती यायला पंधरा वर्षं लागतात. अनुदानं तीन वर्षांची असतात. म्हणून ही नोंदवही सांभाळणाऱ्या माणसाचा पगार अनुदानातून काढू नये, संस्थेच्या स्वतःच्या खर्चात धरावा.